इंजिन फिरतं, चालत नाही

एकसष्टीला माणसाला शाल, श्रीफळ आणि 'आता आराम करा' असा उपदेश मिळतो. मला चार सिलिंडरचं इंजिन मिळालं.

पुण्याच्या चिरंजीवांनी ते तिकडून मागवलं आणि कुरियरवाल्याने नळदुर्गात आणून टाकलं. खोकं बुटांच्या दोन खोक्यांएवढं. वर मोटारीच्या इंजिनाचं रंगीत चित्र आणि खाली ठळक इंग्रजीत आश्वासन, की आतले सुटे भाग आपल्या हाताने जोडा आणि खरंखुरं 'वर्किंग' इंजिन टेबलावर चालताना पाहा. वयाची अट 'दहा वर्षे व पुढे' अशी होती. त्या अटीत मी एक्कावन्न वर्षांच्या मताधिक्याने बसत होतो.

माझं भांडण त्या 'वर्किंग' शब्दाशी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना भांडणं आवडत नाहीत त्यांनी खुशाल पान उलटावं. ज्यांना आवडतात त्यांनी चहा घेऊन बसावं, कारण मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागतो. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याचा हा परिणाम आहे. पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटं फळा पुसण्यात आणि 'शांत बसा' म्हणण्यात घालवायची सवय एकदा लागली की ती लेखणीलाही लागते.

या एकतीस वर्षांत मी फोर स्ट्रोक इंजिन किती वेळा शिकवलं याचा हिशेब नाही. चूषण, संपीडन, शक्ती, उत्सर्जन. झोपेत विचारलं असतं तरी क्रम चुकला नसता. फळ्यावर शेजारी शेजारी चार आकृत्या, पिस्टनला निळा खडू, झडपांना तांबडा, आणि ठिणगीसाठी पिवळ्याचा एक खास तुकडा मी खिशात बाळगून असे. तपासणीला आलेले एक साहेब तर आकृती पाहून म्हणाले होते, 'वा, अगदी छापल्यासारखी!' ती छापल्यासारखी होती, कारण छापलेलीवरूनच काढलेली होती. आयुष्यात एकही इंजिन उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. पुरणपोळीवर तीस वर्षं व्याख्यानं द्यावीत आणि पुरण गोड असतं की तिखट हे ठाऊक नसावं, तसलाच हा प्रकार.

खरं म्हणजे इंजिन घरचंच होतं. वडिलांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं आणि त्याची धडधड आमच्या आळीपर्यंत ऐकू येई. पण मी त्याच्या जवळ गेलो की वडील ओरडत, 'तू अभ्यास कर. हात काळे करायला गडी हाय.' वडिलांचं ऐकणारा मुलगा होतो. हात पांढरे ठेवले. खडूने आणखी पांढरे केले.

असो. खोकं उघडलं. दिवाणखान्यात जुन्या वर्तमानपत्रावर भाग मांडले. स्क्रू ठेवायला सौभाग्यवतींच्या हळदीकुंकवाच्या वाट्या घेतल्या. हा गुन्हा अजून माफ झालेला नाही. माहितीपुस्तक इंग्रजीत आणि चित्रांत होतं. त्यातलं इंग्रजी चित्रांवरून समजत होतं आणि चित्रं इंग्रजीवरून, त्यामुळे दोन्ही समजायला तिसऱ्या कशाची तरी गरज लागत होती. तो तिसरा म्हणजे दिवाळीच्या सुट्टीला आलेला माझा दहा वर्षांचा नातू.

आम्ही दोघांनी सहा दिवस खपून ते इंजिन जोडलं. या सहा दिवसांबद्दल मी वाईट शब्द ऐकून घेणार नाही. खालचा तो वाकडातिकडा दांडा, क्रँकशाफ्ट, पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी तो बराच वेळ नुसता बोटांत फिरवत बसलो. वरखाली जाणाऱ्या वस्तूचं गोल फिरणाऱ्या वस्तूत रूपांतर करायचं, तर मधे इतका साधा, लोखंडाला पीळ दिल्यासारखा दांडा पुरतो! सायकलच्या पायडलला आपण तेच करतो. फळ्यावरच्या माझ्या चार आकृत्यांत या दांड्याच्या जागी एक छोटं वर्तुळ असे. चार पिस्टनांपैकी पहिला आणि चौथा बरोबर वर जातात, मधले दोघे तेव्हा खाली असतात. पण ठिणगी मात्र एक, तीन, चार, दोन अशी पडते. एक, दोन, तीन, चार का नाही, असं नातवाने विचारलं. म्हटलं, सगळा जाळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने गेला तर दांड्याला एकाच बाजूला हिसके बसत जातील. हे उत्तर मी तिथल्या तिथे दांड्याकडे पाहून दिलं. पुस्तकातून न देता दिलेलं माझ्या आयुष्यातलं हे बहुधा पहिलंच उत्तर. नंतर पुस्तकात पाहिलं, तर ते बरंचसं बरोबर निघालं. मला इतका आनंद झाला, की मी सौभाग्यवतींना सांगायला स्वयंपाकघरात गेलो. त्या तूर निवडत होत्या. त्यांनी शांतपणे ताटातून एक बारीक स्प्रिंग काढून माझ्या हातात ठेवली. आदल्या दिवशी ती माझ्या चिमट्यातून उडाली होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी बटण दाबलं. घर्रर्र झालं. पिस्टन वरखाली होऊ लागले, झडपा टकटक करू लागल्या आणि पारदर्शक झाकणाखाली चार तांबडे दिवे लुकलुकू लागले. नातवाने उडी मारली. चिरंजीवांनी फोनवर पाहून 'बाबा, ग्रेट!' म्हटलं. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. ज्या मेहुण्यांनी माझ्या निवृत्तीलाही दोन ओळी लिहिल्या नव्हत्या त्यांनी 'विश्वकर्मा' अशी पदवी दिली. इंजिन काचेच्या कपाटात विराजमान झालं.

तिथं ते सुखाने राहिलं असतं. पण चार दिवसांनी माझी स्कूटर न्यायला मिस्त्री आला.

हैदराबाद रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. एके काळचा माझा विद्यार्थी. नववीनंतर त्याने शाळा सोडली, किंवा शाळेने त्याला सोडलं. दोन्ही बाजूंनी फारसा आग्रह नव्हता. 'काय करायलाव सर?' म्हणत आत आला. मी कौतुकाने इंजिन काढून समोर ठेवलं आणि बटण दाबलं. तो उकिडवा बसून पाहत राहिला. अंगठा नाही, वाहवा नाही.

'सर, मोटर बंद करून बघू का?'

त्याने मोटर थांबवली आणि खालचं चाक बोटाने अगदी हळू फिरवलं. दिवा लागला. बोट तिथंच थांबलं.

'सर, दिवा लागायलाय तवा हा वाल उघडा हाय.'

'बरं मग?'

'भाईर जायचा वाल हाय ह्यो. म्हंजी जाळ पिस्टनला ढकलायच्या आधी सायलेन्सरमधून भाईर. टायमिंग चुकलंय. खरं इंजिन असतं तर हँडल मारून मारून खांदा निखळला असता, पर चालू झालं नसतं. एखांदा वाल पिस्टनवर आदळून वाकला बी असता.'

'पण हे तर चालू आहे!'

'चालू न्हाई सर. फिरायलंय. खाली मोटर हाय, ती फिरवायलीय ह्याला.'

मी खाली वाकून पाहिलं. तीन पेन्सिल सेल, एक मोटर. सहा दिवसांत ही मोटर मी माझ्या हातांनी बसवली होती, आणि ती काय करणार हा प्रश्न मला पडला नव्हता. खऱ्या इंजिनात जाळ पिस्टनला ढकलतो, पिस्टन दांड्याला फिरवतो आणि दांडा गाडी ओढतो. इथं सेल मोटरला फिरवतात, मोटर दांड्याला, दांडा पिस्टनला वरखाली करतो, आणि ठिणगीच्या जागचा दिवा नुसता हजेरी लावतो. बैलगाडी बैलांना ढकलत नेत होती आणि आम्ही कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होतो.

चूक कुठं झाली तेही त्याने दाखवलं. खालचा दांडा दोन फेरे घेतो तेव्हा वरच्या झडपांचा दांडा एकच फेरा घेतो, म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दात. दोन्ही चाकांवर एकेक बारीक ठिपका असतो. ते ठिपके खुणेला लावून मगच पट्टा चढवायचा. माझ्या चष्म्याला ते दिसले नाहीत. मी पट्टा जसा बसेल तसा बसवला होता.

'वरच्याला खालचं कळायला पायजे की सर,' तो म्हणाला. 'पट्ट्याचं काम त्येच.'

आणि मला 1996-97 सालचा नववीचा वर्ग आठवला. चार आकृत्या फळ्यावर होत्या, पिवळी ठिणगी नुकतीच पाडून झाली होती. मागच्या बाकावरून हाच मुलगा उठला होता. 'सर, वरच्या झडपांना कसं कळतंय, खाली पिस्टन कुठं हाय ते?' वर्ग हसला. मी म्हणालो, 'झडपा काय तुझ्यासारख्या आहेत का, काही न कळणाऱ्या?' वर्ग आणखी हसला. तो बसला नाही. 'मधी कायतरी असंल की सर. पट्टा, न्हाईतर साखळी.' मी विचारलं, 'पुस्तकात आहे?' तो म्हणाला, 'न्हाई.' 'मग परीक्षेत येणार नाही. बाहेर उभा राहा.' तास संपेपर्यंत तो बाहेर लिंबाखाली उभा होता.

हे त्याला मी त्या दिवशी, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी, बोलून दाखवलं. त्याने डोकं खाजवलं. 'आठवत न्हाई सर. मला एवढंच आठवतंय, की लिंबाखाली सावली बरी व्हती.'

स्कूटर घेऊन तो गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी नातवाने कळस केला. मिस्त्री गेल्यावर त्याने इंजिन खोलून मुद्दाम चुकीचं जोडायला घेतलं होतं. पट्टा पाच दात पुढे, मग दहा दात मागे. 'आजोबा, कसंही लावलं तरी चालतं!' शेवटी त्याने बटण दाबून दाखवलं, घर्रर्र, चारी दिवे लुकलुकले, आणि मग खिशातून एक पिस्टन काढून माझ्या हातावर ठेवला. इंजिन त्याच्यावाचूनही तितक्याच उत्साहात फिरत होतं.

आता भांडणाला सुरुवात.

माझा आक्षेप असा, की जी वस्तू चुकीची जोडली तरी चालते, ती वस्तू आपल्याला काहीही शिकवत नाही. खऱ्या इंजिनाचा मोठा गुण म्हणजे ते नाही म्हणतं. तुम्ही कोण, तुमचं वय काय, व्हॉट्सअ‍ॅपवर किती अंगठे मिळाले, याची त्याला फिकीर नसते. टायमिंग चुकलं, की ते चालत नाही. इतका स्पष्टवक्ता गुरू माणसांत सापडणं कठीण. आणि नेमका तोच गुण काढून टाकून, त्या जागी तीन सेल घालून, वर 'वर्किंग' लिहून विकायचं म्हणजे घरच्या देवाऱ्यात देव सोडून बाकी सगळं मांडण्यासारखं आहे.

मात्र कारखानदाराच्या नावाने बोटं मोडून मी सुटत नाही. हा धंदा मी त्याच्याआधी करत होतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी किती वर्षं परीक्षक होतो! तिथं दर वर्षी एक पवनचक्की असे. थर्मोकोलचं गाव, हिरव्या भुशाचं गवत, आणि मधोमध गरगर फिरणारी पवनचक्की. तिच्या जोरावर गावात एक दिवा लागलेला. मांडवात वाऱ्याची झुळूक नसे. घामाने आमचे सदरे पाठीला चिकटलेले असत. तरी पवनचक्की फिरे, कारण तिच्या बुंध्यात मोटर असे, मोटरला सेल असे, आणि त्याच सेलवर तो दिवाही असे. मुलगा पाठ केलेलं सांगे, 'वाऱ्यामुळे पाती फिरतात, त्यामुळे वीज निर्माण होते.' मी गंभीरपणे मान हलवून 'वर्किंग मॉडेल' या रकान्यात दहापैकी नऊ गुण देई. शेजारी एखादा बावळट मुलगा खरीच कागदाची चक्री घेऊन उभा असे. वारा नसल्यामुळे ती फिरत नसे. त्याला मी चार दिले आहेत. त्याला वारा आणण्याचीही सूचना केली असेल, आता आठवत नाही.

आणि मुलांचं तरी काय? चूषण, संपीडन, शक्ती, उत्सर्जन असं घडाघडा म्हणणाऱ्याला मी पाचपैकी पाच देत असे. आत टायमिंग जुळलंय का, हे पाहायला मी कधी मोटर बंद करून, बोटाने हळू फिरवून पाहिलं? अपेक्षित प्रश्नसंचाचे सेल घातले, की सगळे फिरत. निकालाच्या दिवशी दिवे लुकलुकत. ज्याने थांबून 'मधी काय हाय' असं विचारलं, तो लिंबाखाली.

या गावात राहून मला हे इतक्या उशिरा कळावं याची लाज वाटते. कारण आमच्याकडे नाही म्हणणाऱ्या यंत्राचा भला थोरला नमुना आहे. किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलेला आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली झालेलं हे काम. नदी भरून आली की बांधावरून नर आणि मादी असे दोन प्रवाह कोसळतात, आणि महालात बसलेला माणूस कोरडाच राहून समोरून पडणारं पाणी पाहतो. हे सगळं होतं ते नदी भरली तर. नाही भरली, तर चारशे वर्षांचा तो बांध नुसता उभा राहतो. आमच्या भागात पाऊस कसा असतो ते काय सांगावं. नर-मादी पडायची वाट पाहण्यात पावसाळेच्या पावसाळे गेलेले आहेत. पण पडले, की सगळं गाव कामधंदा टाकून पाहायला जातं. मागे एका एप्रिलात मुंबईचे एक पाहुणे मी किल्ल्यावर नेले होते. घाम पुसत त्यांनी विचारलं, 'धबधबा किती वाजता चालू करतात?' मी त्यांना मनात हसलो होतो. आता वाटतं, त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? मीही बटणच शोधत होतो.

यावर आमच्या कट्ट्यावर मोठं रण माजलं. बसस्टँडजवळ आम्ही पाचसहा निवृत्त मंडळी सकाळी जमतो. एक पोस्टातले, एक महसूलमधले, बाकी माझ्यासारखे खडूवाले.

पोस्टातले म्हणाले, 'सर, खेळणं आहे हो ते. खेळण्यावर एवढं काय?'

हे तर मी बिलकूल मान्य करणार नाही. खेळणी कधीच खोटी नव्हती. भोवऱ्याला दोरी सैल गुंडाळली, तर तो जमिनीवर आडवा पडतो. पतंगाचं सुत्तर वरखाली झालं, तर तो गिरक्या घेत बाभळीत जातो. मैलारपूरच्या खंडोबाच्या जत्रेत मी लहानपणी पत्र्याची बोट घेतली होती. पोटात तेलाची इवलीशी वात, आणि मागे पाण्यात बुडालेल्या दोन नळ्या. घंगाळात सोडली की फट्‌फट्‌ करत गोल फिरायची. वातीने आतल्या पाण्याची वाफ होते, वाफ नळीतलं पाणी मागे ढकलते, म्हणून बोट पुढे. मग वाफ थिजते आणि नळी पुन्हा पाणी आत ओढते. अस्सल इंजिन, हळदीकुंकवाच्या वाटीएवढं! नळ्या आधी पाण्याने भरायला विसरलो, तर ती जागची हलायची नाही. मी एक अख्खी दुपार घंगाळापाशी रडून ती भरायला शिकलो. अरविंद गुप्तांची टाकाऊ वस्तूंची खेळणी बघा. टेल्कोत इंजिनियर असलेला हा माणूस पुढे पुण्याच्या आयुकात मुलांबरोबर काडेपेट्या आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे घेऊन बसला, आणि 2018 साली त्याला पद्मश्री मिळाली. त्यांची सेलवरची छोटी मोटर आहे: एक लोहचुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकाचा लेप सगळा खरवडायचा, दुसऱ्या टोकाचा अर्ध्याच बाजूचा. दुसरा पुरता खरवडलात, की वेटोळं जागच्या जागी थरथरत बसतं. त्या अर्ध्या खरवडण्यात आख्खा धडा आहे. खेळणं म्हणतात ते याला.

महसूलवाले म्हणाले, 'पण या वयात इंजिन समजून घेऊन उपयोग काय? आता गाड्याच बॅटरीवर आल्या. तुमचं खेळणं काळाच्या पुढे आहे म्हणा की.'

कट्टा हसला. मीही हसलो, कोटी बरी होती. पण 'उपयोग काय' हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलोय, आणि तो विचारणाऱ्याचे हात नेहमी स्वच्छ असतात. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गाव आहे. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातले भाग जमवून एक छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. 2021 च्या डिसेंबरात तिचं चित्र देशभर फिरलं. आनंद महिंद्रांनी पाहिलं, नियमात ती बसायची नाही हे सांगितलं, पण कौतुक केलं, आणि 2022 च्या जानेवारीत ती जीप घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. त्या वेळी आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न काय आला असेल? 'शिक्षण किती झालंय त्याचं?' दुसरा, 'पासिंग कसं होणार?' भंगारातून काढलेली गाडी किक मारल्यावर चालू होते, म्हणजे तिच्यातला प्रत्येक ठिपका खुणेला लागलेला आहे, हे आम्हां पदवीधरांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. मी धरून.

मास्तरकीला दोष देऊन पळ काढावा, तर तीही सोय नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवणारे मास्तरच होते. फळ्यावरच्या आकृतीवर त्यांचं भागलं नाही. बेळगावला सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. म्हणजे त्यांनाही आधी 'नाही' ऐकावं लागलं, आणि ते ऐकून ते घरी गेले नाहीत.

एवढं बोलून मी कट्ट्यावरून उठलो. मागून पोस्टातले म्हणाले, 'सरांचं टायमिंग बिघडलंय.'

उठलो तो सरळ शेतावर गेलो. विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून वडिलांचं इंजिन शेडात पडून होतं. नावाची पट्टी केव्हाच गळून गेलेली, वर कोंबड्यांचा मुक्काम. रविवारी मिस्त्रीला बोलावलं. तो आला, इंजिनाला एक फेरी मारली, आणि पाना माझ्या हातात दिला.

'मी?'

'मग कोण? मी धरतो, तुमी खोला.'

एकसष्टाव्या वर्षी मी पहिला नट सैल केला. पाना दोनदा सटकला, बोटाचं साल निघालं. वरचं झाकण निघालं, आणि आत तेलात माखलेल्या दोन झडपा दिसल्या. डावी आणि उजवी. तांबडा खडू नव्हता. बाजूने दोन उभ्या कांड्या खाली उतरत होत्या. खालच्या दांड्याचा निरोप या कांड्या वर पोचवतात. ना पट्टा, ना साखळी. पण मधी कायतरी होतंच. मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो कोंबडीची पिसं वेचत होता.

नातू परत पुण्याला गेलाय आणि फोनवर रोज एकच विचारतो, 'चालू झालं का?' तीन रविवार झाले. खटका उचलून हँडल फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा, हे मला जमू लागलंय. मागच्या रविवारी एकदा 'फट्' असा आवाज आला आणि हँडलने असा उलटा हिसका दिला, की मी ज्वारीच्या सरीत जाऊन बसलो. मिस्त्रीला विचारलं, आता काय चुकलं. 'तुमी सांगा,' म्हणाला. मी बराच वेळ पाहत बसलो. पुस्तक बरोबर नव्हतं. शेवटी म्हटलं, डिझेल जाळाच्या वेळेआधीच पडतंय का रे? तो म्हणाला, 'आसंल. नाय तर नोझल बी आसंल. बघू.'

येत्या सोमवारी तो नोझल दाखवायला सोलापूरला जाणार आहे. मीही बरोबर जातोय. सौभाग्यवती डबा देणार आहेत, पण एका अटीवर. हळदीकुंकवाच्या वाट्या आधी घासून जागेवर गेल्या पाहिजेत. त्यांत सध्या वॉशर आहेत.